उपग्रहाला ठिगळ

रॉकेट उडताना माणसं देवाकडे काय मागतात ते मला ठाऊक आहे. ते सरळ वर जावं, फुटू नये, समुद्रात पडू नये. त्या सकाळी महादेवपुऱ्याच्या आमच्या ऑफिसात पंचवीसेक माणसं पडद्यासमोर बसून हेच मागत होती. दोन माणसं मात्र भलतंच मागत होती. हवामानाचा उपग्रह रॉकेटमधून सुटताना त्यानं कॅमेऱ्याकडे पाठ करावी, असं त्यांचं मागणं होतं. त्यातली एक मी.

असलं मागणं मागणाऱ्याचं मन साफ नसतं हे उघड आहे. माझंही नव्हतं, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

मी पुण्याची. इंजिनिअर झाले, बंगळुरूला आले, कोरमंगलाच्या एका पीजीत दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ सांबार खाऊन काढली आणि मग या कंपनीत लागले. कंपनी लहान, आणि आमचा धंदा उपग्रहांना कपडे शिवण्याचा. हे मी आईला फोनवर सांगितलं. मुलीला इंजिनिअरिंगला घातलं आणि ती शेवटी शिवणकामाला लागली, हे तिला पचायला जड गेलं. नातेवाइकांत ती अजून मोघमपणे ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ असंच सांगते.

खरं तर काम मोठ्या मानाचं आहे. उपग्रह वर गेला की त्याची एक बाजू उन्हात भाजते आणि दुसरी गोठते. म्हणून त्याला पातळ चकचकीत फिल्मचे पंधरा-वीस थर एकत्र शिवून केलेली गोधडी गुंडाळतात. फोटोत लोकांना जो सोन्याचा पत्रा वाटतो, तो म्हणजे ही गोधडी. तिचं माप काढायचं आणि नकाशा करायचा माझ्याकडे. कापायचं आणि शिवायचं अण्णांकडे.

अण्णा साठी ओलांडलेले. त्यांचं घराणं मराठी, पण तीनचारशे वर्षांपूर्वी केव्हातरी इकडे आलेलं, आणि तेव्हापासून शहराच्या जुन्या पेठेत शिवणकाम करणारं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. तयार कपड्यांचा जमाना आला आणि त्यांचं दुकान बसलं. आमच्याकडे तेव्हा दोन शिकलेली मुलं शिवायला होती आणि त्यांचे टाके बघून मला रडू यायचं. हे काम शिंप्याचं आहे, शिंपी आणा, असा हट्ट मीच धरला. आमचा बॉस नागपूरचा, वयानं पस्तिशीचा, आणि जगातला कुठलाही प्रश्न मशीन विकत घेऊन सुटतो अशी त्याची श्रद्धा. त्यानं कुरकुर करत अण्णांना एका वर्षासाठी घेतलं. पुढे ठेवायचं की नाही ते या उड्डाणानंतर ठरवू म्हणाला.

आमची शिवणाची खोली धूळमुक्त असते. आत जायचं तर पांढरा झगा, टोपी, मुखपट्टी, हातमोजे. पहिल्या दिवशी अण्णांना झगा दिला तर त्यांनी तो आधी उलटा करून शिवण बघितली आणि ज्यानं शिवला त्याच्याबद्दल कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. मग सुई ओवताना दोऱ्याचं टोक ओलं करायला म्हणून तोंडाकडे न्यायचे आणि ते दर वेळी मुखपट्टीला लागायचं. आठवडाभर त्यांच्या मुखपट्टीवर दोऱ्याचे धागे चिकटलेले असत. सुया ते झग्याच्या गळ्याला टोचून ठेवत. त्या मोजून परत घेणं हे माझं काम, आणि दिवस संपताना मी त्यांच्या गळ्यापाशी सुया शोधत असे तेव्हा ते लग्नातल्या नवरदेवासारखे ताठ उभे राहत. खोलीत ते मला ‘मॅडम’ म्हणत. बाहेर डबा उघडला की ‘पोरी’.

आता त्या रॉकेटबद्दल. ते एका नव्या कंपनीचं होतं आणि त्याचं हे जेमतेम तिसरं उड्डाण. आधीच्या दोनांपैकी एक समुद्रात गेलं होतं, त्यामुळे सगळेच धास्तावलेले. त्यातून दोन उपग्रह जाणार होते, एक हवामानाचा आणि एक दळणवळणाचा. दोघांचे कपडे आम्हीच शिवले होते. प्रत्येकाचं वजन किती असावं ते ग्रॅमपर्यंत ठरलेलं. आणि हवामानाच्या उपग्रहाची गोधडी काट्यावर ठेवली तर ती ठरल्यापेक्षा पाव किलोनं जड निघाली.

पाव किलो म्हणजे काय, असं बाजारातलं माणूस म्हणेल. रॉकेटवाले पाव किलोवरून माणसाला घराबाहेर काढतील. दोन दिवस आम्ही डिंकावर संशय घेतला, चिकटपट्टीवर घेतला, काट्यावर घेतला. तिसऱ्या दिवशी मी एक शिवण उसवली आणि आत पाहिलं. आत दोन बोटं रुंदीची फिल्म सुबक दुमडून ठेवलेली होती. शिवणीच्या आत पुढेमागे सैल करायला लागेल म्हणून शिंपी जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. माझ्या नकाशात ती अर्ध्या बोटाची होती. अण्णांनी प्रत्येक शिवणीत दोन बोटं सोडली होती.

मी त्यांना बाहेर बोलावलं. त्यांना यात काही चूक वाटतच नव्हती. नवरदेव माप द्यायला येतो तेव्हा एक असतो, त्यांनी समजावलं, आणि केळवणं खाऊन मांडवात उभा राहतो तेव्हा दुसरा असतो. माया असली तर शिंपी तासाभरात उसवून देतो. नसली तर चारचौघांत पँट फाटते, आणि नाव नवऱ्याचं जात नाही, शिंप्याचं जातं.

“उपग्रहाचं पोट सुटत नसतं, अण्णा,” मी म्हटलं.

“अंगावर चढेपर्यंत कुणाचं काय कळतंय, पोरी. स्वल्प ठेवू दे.”

मी ठेवू दिलं नाही. मी पुण्याची आहे आणि माझ्या हातात नकाशा होता, यापुढे आणखी काय सांगू. हे लग्नाचं शिवण नाही, इथं सगळं मोजून असतं, तुमच्या दुकानातल्या सवयी इथं चालणार नाहीत, असं मी बरंच बोलले. आज ते आठवलं की कान गरम होतात. अण्णांनी ऐकून घेतलं, ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणाले, आणि तीन दिवस बसून एकेक शिवण उसवून सगळी जास्तीची माया कापून काढली. वजन बसलं. दळणवळणाच्या उपग्रहाला वजनाची मुभा जास्त होती आणि त्याचं आधीच बसत होतं, त्यामुळे त्याच्या शिवणी उसवायला कुणी गेलं नाही.

मग आला कपडे चढवायचा दिवस. हवामानाचा उपग्रह ज्यांनी बनवला त्यांनी मधल्या काळात चाचणीसाठी तो हादरवून बघितला होता, त्यात एक तारांचा जुडगा सैल झाला, म्हणून त्यांनी तो उचलून दुसऱ्या बाजूनं नेला आणि त्यावर एक झाकण बसवलं. हे आम्हाला कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आम्ही गोधडी चढवली. तीन बाजू झकास बसल्या. चौथी मिटेना. उपग्रहाचं पोट सुटलं होतं.

किती कमी पडलं ते मी पट्टीनं मोजलं, पण मोजायची गरज नव्हती. दोन बोटं. मी कडा ओढत होते आणि उपग्रह तर हलत नाही म्हणून माझंच पोट आत ओढून धरलं होतं. अण्णा समोर उभे होते. मुखपट्टीमुळे चेहरा दिसत नव्हता, आणि त्याबद्दल मी मुखपट्टीची आभारी आहे.

नवी गोधडी करायला फिल्म उरली नव्हती. ती परदेशातून येते आणि यायला आठवडे लागतात. उपग्रह तर दोन दिवसांत पेटीत बंद होऊन समुद्रकाठी रवाना होणार होता. उपाय एकच होता, वरून ठिगळ. मी तो शब्द उच्चारला तसे अण्णा स्टुलावर बसले. फिल्म खरंच नाही का, असं त्यांनी मला तीनदा विचारलं. जुन्या कपड्याला ठिगळ लावण्यात कमीपणा नाही, पण नव्या कपड्याला ठिगळ म्हणजे शिंप्याला माप घेता येत नाही याची चारचौघांत कबुली. दुकानात कधी कातर चुकली तर ते नवं कापड आणून पुन्हा पहिल्यापासून शिवत आणि गिऱ्हाइकाला सांगत की बटणं यायला उशीर झाला. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून नव्या कपड्याला ठिगळ लागलं नव्हतं.

ते त्यांनी त्या दुपारी लावलं. तळहाताएवढं, चारही कोपरे दुमडून, असं की दुसऱ्या कुणी लावलं असतं तर मी कौतुकानं फोटो काढला असता. पण तुकडा वेगळ्या रोलमधला उरलेला होता आणि त्याचा सोनेरी रंग जरा गडद होता. जाणत्याला तो दिसत होता.

संध्याकाळी बॉस आला. त्यानं ठिगळ बघितलं आणि विचारलं, इतकं कमी कुणी कापलं?

इथं मी बोलायला हवं होतं. वेळ होता. एक माणूस शांतपणे श्वास घेऊन एक वाक्य बोलू शकेल इतका वेळ नक्की होता. मी हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिले.

“मी कापलो, सार,” अण्णा म्हणाले.

त्यात खोटं काहीच नव्हतं. कापलं त्यांनीच होतं. बॉसनं चुकांचा फॉर्म उघडला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, शिवणाऱ्यानं कापड कमी कापलं. खाली तपासणारी म्हणून माझी सही लागते. मी केली. जाता जाता तो मला म्हणाला, “हे उड्डाण झालं का अण्णांना नमस्कार करून टाकू. मशीन पाहूनच राहिलो मी.” मी मान हलवली. ती कशासाठी हलवली ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

उद्या सांगू, असं मी ठरवलं. उद्या बॉस यशवंतपूरला एका कारखान्यात मशीन बघायला गेला होता. परवा त्याचा मूड नव्हता. तेरवा माझा नव्हता. माझी पण नोकरी आहे, घरभाडं आहे, आणि अण्णांनी स्वतःच अंगावर घेतलं ना, मग त्यांना चालत असेल, अशी एकाहून एक सरस कारणं माझ्याकडे होती. मुळात ते मोठ्या मनाचे आहेत असं मी ठरवून टाकलं. समोरच्याला मोठ्या मनाचा ठरवलं की आपल्याला किती स्वस्थ बसता येतं, ते मी त्या दिवसांत शिकले. अण्णा रोजच्यासारखे यायचे, डबा मधे ठेवायचे, मला चित्रान्न वाढायचे. फरक एवढाच की डब्यापाशीसुद्धा आता ते मला मॅडम म्हणत होते.

उड्डाणाच्या दिवशी बॉसनं सगळ्यांना घरच्यांना घेऊन यायला सांगितलं. मी येत नाही, असं अण्णा आदल्या दिवशी म्हणाले होते. पण आले, कारण अक्का त्यांना घेऊन आल्या. अक्का म्हणजे त्यांची बायको. दुकानात अण्णा कापत आणि शिवत, आणि काजं, हेम, तुरपाई सगळी अक्कांची, अशी त्यांची चाळीस वर्षं गेली होती. त्या रेशमी साडी नेसून आल्या होत्या, बरोबर चिरोट्यांचा डबा होता, आणि नवऱ्यानं शिवलेला कपडा आज आकाशात जातोय हे त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं.

दारातच अण्णांनी मला बाजूला घेतलं. अक्काला ठिगळाचं सांगितलेलं नाही, म्हणाले. कॅमेऱ्याला कुठली बाजू दिसणार?

मी खरं ते सांगितलं. रॉकेटवरचा कॅमेरा उपग्रह सुटताना दाखवतो, पण सुटल्यावर तो कसा वळेल ते कुणाच्या हातात नसतं. अण्णांनी मान हलवली आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ जाऊन बसले. अक्का पहिल्या रांगेत, बॉसच्या शेजारी. भलतं मागणारी ती दोन माणसं म्हणजे अण्णा आणि मी.

रॉकेट उडालं. ढगात गेलं, ढगातून निघालं, पहिला टप्पा गळाला, दुसरा पेटला. दर वेळी टाळ्या पडत होत्या आणि मी एक टाळी उशिरा वाजवत होते. मग वरचं टोपण दुभंगून निघालं आणि पडद्यावर लख्ख ऊन आलं. आधी दळणवळणाचा उपग्रह सुटला. सोनेरी, कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही, कारण त्याच्या प्रत्येक शिवणीत अण्णांची दोन बोटं माया शाबूत होती.

“किती नीट बसलंय बघ,” अक्का बॉसला म्हणाल्या. त्यांनी मागे वळून नवऱ्याला शोधलं आणि हात वर केला.

मग हवामानाचा. तो सुटला आणि त्यानं खरोखरच आमच्याकडे पाठ केली होती. सपाट, सोनेरी, निर्दोष पाठ. मी महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. सगळे उभे राहून ओरडत होते, कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि तो उपग्रह, ज्याला कसलीही घाई नव्हती, हळूहळू वळायला लागला.

आधी कडा दिसली. मग कोपरा. मग ठिगळ उन्हात आलं, आमच्या भिंतभर पडद्यावर वीतभर उंचीचं, चारही कोपरे दुमडलेलं. बाकीचे लोक टाळ्या वाजवतच राहिले, त्यांना काही दिसलं नाही. अक्कांच्या टाळ्या थांबल्या.

“ते ठिगळ हाय?” त्या बॉसला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “नव्या कपड्याला?”

बॉस आनंदात होता आणि मनानं चांगलाच आहे. अण्णांच्या हातून जरा कमी कापलं गेलं, होतं असं, आता काय, गेला ना वर, असं तो हसत म्हणाला. अक्कांनी मागे वळून नवऱ्याकडे बघितलं. अण्णा फरशीकडे बघत होते. चाळीस वर्षं ज्याच्या कापण्यावर आपण काजं केली त्या माणसाकडे त्यांनी असं कधी बघितलं नसेल. मला अतोनात लाज वाटली. आधीच्या चार आठवड्यांची सगळी लाज एकदम आली.

मी उभी राहिले. टाळ्या नेमक्या तेव्हाच थांबल्या, त्यामुळे माझा आवाज नको तितका मोठा आला.

“अक्का, अण्णांनी माया सोडली होती. दोन बोटं. ती मी कापायला लावली. आणि नंतर विचारलं तेव्हा मी गप्प बसले.”

पडद्यावर उपग्रह लांब जात होता. त्याच्याकडे आता कुणी बघत नव्हतं. बॉसचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं. मी अण्णांकडे बघितलं. ते आता ‘जाऊ दे’ म्हणतील अशी माझी खात्री होती. चार आठवडे मी त्या ‘जाऊ दे’च्या भरवशावरच जगत होते.

“वाट बघितलो मी,” अण्णा म्हणाले. “रोज डबा उघडताना वाटायचं, आज ही बोलंल.”

बसायचं की उभं राहायचं ते मला कळेना. ज्याला मी त्यांचं मोठं मन म्हणत होते ती त्यांनी मला दिलेली मुदत होती, आणि मी ती रोज त्यांच्याच डब्यातलं खाऊन घालवली होती.

अक्कांनी बॉसला विचारलं, कागदावर कुणाचं नाव हाय? बॉस म्हणाला, अण्णांचं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मग लिही की.”

हवामानाच्या उपग्रहाचा पहिला संदेश येईपर्यंत सगळे पडद्याला चिकटून होते, आणि मी कोपऱ्यात लॅपटॉपवर तो फॉर्म उघडून बसले. अक्का खुर्चीमागे उभ्या. फॉर्म इंग्रजीत, म्हणून त्यांनी तो मला मराठीत मोठ्यानं वाचायला लावला. कारण : इंजिनिअरनं माया कापायला लावली. आणि सांगितलं नाही, ते पण लिही, त्या म्हणाल्या. त्याला रकाना नव्हता. मी ते शेऱ्यात लिहिलं. बॉसनं दोनदा वाचलं, सही केली, आणि अण्णांना विचारलं, सोमवारी नऊला येताय ना.

येतो म्हणाले. मग खिशातून चष्मा काढून लावला, लॅपटॉपवर वाकले आणि त्यात माझं, म्हणजे इंजिनिअरचं, नाव कुठं आलंय ते मला विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं.